जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार: पोट भरते, तरी वजन का उतरते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया होऊन आज आठवा दिवस आहे, वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधलेले आहेत, ६० किलो असलेले वजन ३ किलोंनी उतरले आहे, अंथरुणातून उठताना चक्कर येते आणि लघवी गडद पिवळी होते. दिवसभरात आपण अर्धा लिटर फळांचा रस, अर्धा लिटर भाज्यांचे पातळ सूप आणि पेलाभर दूध घेता. तेवढ्याने पोट गच्च भरल्यासारखे वाटते, तरीही अंगात त्राण राहत नाही. जखम उत्तम भरत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, मग चुकते कोठे, असे आपण विचारले आहे.

जबड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा आहार ठरवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि हाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. उत्तराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आजच करावी: चक्कर आणि गडद लघवी या दोन्ही गोष्टी आपल्या शल्यचिकित्सकांच्या कानावर घालाव्यात. सात-आठ तास लघवीच झाली नाही, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्यांमुळे पोटात काहीच टिकेनासे झाले किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर घरी पाणी पीत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी सलाईन लावावे लागते आणि त्यात उशीर करण्यात काहीच हशील नसते.

आता आपल्या आहाराचा हिशोब मांडून पाहू. अर्धा लिटर फळांच्या रसातून साधारण २२५ कॅलरी मिळतात आणि प्रथिने जवळजवळ नाहीत. पातळ सूपमधून फार तर १०० कॅलरी आणि तीनएक ग्रॅम प्रथिने मिळतात. २०० मिलिलिटर साईच्या दुधातून सुमारे १३० कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज साडेचारशे कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिने इतकीच होते. शस्त्रक्रियेनंतर शरीराला दर किलो वजनामागे रोज साधारण ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे १,८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने. गरजेच्या पाव हिश्श्यावर आपण आठ दिवस काढले आहेत आणि उरलेली भर शरीराने स्वतःच्या साठ्यातून व स्नायूंतून घातली आहे. पाण्याचाही असाच प्रकार आहे. गरज दर किलोमागे ३० ते ३५ मिलिलिटर, म्हणजे १.८ ते २.१ लिटरची असताना आपल्या पोटात जेमतेम सव्वा लिटर द्रव जात आहे. उतरलेले तीनही किलो मांसाचे आहेत असे मात्र समजू नये. त्यात कमी झालेले पाणी, संपलेला साखरेचा साठा आणि रिकामी झालेली आतडी यांचाही वाटा असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही किलो वजन उतरणे या शस्त्रक्रियेत नेहमीचेच आहे, परंतु ते उतरत राहू देणे योग्य नाही, कारण हाड सांधायला आणि जखम भरायला लागणारा माल याच आहारातून यायचा असतो.

मग पोट भरल्यासारखे का वाटते? पोटाला पहिल्यांदा कळतो तो आकार. त्यात किती पोषण आहे ते लगेच उमगत नाही. पातळ द्रवाने जठर ताणले गेले की तृप्तीचा भास होतो. त्यातच सूज, वेदनाशामक औषधांमुळे येणारी मळमळ, शस्त्रक्रियेच्या वेळी गिळल्या गेलेल्या रक्ताने बिघडलेले पोट आणि एकेक घोट घेण्याचे कष्ट, या सगळ्यांमुळे भूक मंदावते आणि तहानही दबते. म्हणून या काळात भूक आणि तहान यांच्यावर विसंबून चालत नाही. घड्याळ आणि मापाचा पेला यांच्या आधारानेच खावे-प्यावे लागते. माझ्या रुग्णांना मी हेच सर्वांत आधी सांगते आणि निम्म्या अडचणी एवढ्याने सुटतात.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. पदार्थ पातळ करायचाच असतो, पण तो पाण्याने करू नये. दुधाने, दह्याने किंवा सकस रश्श्याने करावा. एका रुग्णाची बहीण रोज फ्लास्क भरून डाळ-भाज्यांचे सूप आणत असे. रुग्ण ते मनापासून पीत असे आणि वजन मात्र उतरतच होते. एकदा मी तिला सूप माझ्यासमोर तयार करायला सांगितले. तिने शिजलेली डाळ आणि भाज्या मिक्सरमधून अर्धवट फिरवल्या, भरपूर पाणी घातले, गाळणीतून सगळे गाळले आणि गाळणीतला घट्ट, पिवळा चोथा टाकून दिला. जे खरे जेवण होते ते गाळणीतच राहत होते. आम्ही तोच चोथा थोड्या दुधासह पुन्हा मिक्सरमध्ये घातला, दोन-तीन मिनिटे फिरवला आणि मोठ्या चमच्याच्या पाठीने गाळणीवर दाबत गाळला. शेवटी गाळणीत चमचाभर साली उरल्या. गाळणे आवश्यकच आहे, कारण फळांतल्या बारीक बिया आणि साली सिरिंजमध्ये अडकतात किंवा टाक्यांत जाऊन बसतात. परंतु गाळण्याआधी पदार्थ अगदी गंधासारखा बारीक झालेला असला पाहिजे.

आपल्यासाठी एक दिवस मांडून दाखवते. २०० मिलिलिटर साईचे दूध, ३० ग्रॅम स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी, एक लहान पिकलेले केळे आणि मोठा चमचाभर अगदी मऊ शेंगदाणा बटर असे एकत्र बारीक करून गाळले, तर सुमारे ३०० मिलिलिटर पेय तयार होते आणि त्यातून साधारण ४२० कॅलरी व २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. असे पेय दिवसातून तीनदा घ्यावे. खारट चवीसाठी ३० ग्रॅम डाळ भाज्यांसह मऊ शिजवावी, त्यात पूर्ण उकडलेले एक अंडे आणि मोठा चमचाभर तेल किंवा लोणी घालून बारीक करावे. अशा वाटीभर सूपमधून सुमारे ३०० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. हे दिवसातून दोनदा घ्यावे. एवढ्याने १,८५० कॅलरी आणि ९० ग्रॅम प्रथिनांचा पल्ला गाठला जातो आणि पोटात जाणारे हे सारे दीड लिटरच्या आसपासच असते. आज पाव हिश्श्यावर असलेल्या माणसाने उद्या एकदम पूर्ण मापावर उडी मारू नये. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढावे, नाहीतर पोट फुगते आणि जुलाब होतात. फार दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या किंवा मुळातच फार कृश असलेल्या रुग्णांच्या बाबतीत तर ही वाढ डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासणी करीतच व्हावी, कारण अन्न एकाएकी वाढवले की रक्तातील क्षारांचे प्रमाण धोकादायकरीत्या ढासळू शकते.

कच्चे अंडे कोणत्याही पेयात घालू नये. त्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि या दिवसांत जुलाब-उलट्या परवडणाऱ्या नाहीत. दूध पचत नसेल तर लॅक्टोजविरहित किंवा सोयाबीनचे दूध चालते. प्रथिनांची तयार भुकटी सोयीची असते. तिच्या ३० ग्रॅममधून बहुधा २० ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. मात्र ती पाण्यात कालवून घेतली तर कॅलरींची बाजू लंगडीच राहते, म्हणून ती दुधातच घालावी. बारीक केलेले पदार्थ दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नयेत आणि फ्रिजमध्ये ठेवले तरी चोवीस तासांत संपवावेत.

पाण्याचा हिशोब वेगळा ठेवावा. वरील पेयांतून सव्वा लिटरच्या आसपास पाणी शरीरात जाते, म्हणून त्याशिवाय पाऊण लिटर साधे पाणी दिवसभरात, दर तासाला तीन-चार घोट या गतीने घ्यावे. ताप असेल किंवा घाम येत असेल तर त्याहून अधिक लागेल. एका बाटलीवर तासांच्या खुणा करून ठेवल्या की घरच्यांना विचारपूस करावी लागत नाही आणि रुग्णालाही टोकल्यासारखे वाटत नाही. पाणी जेवणाच्या आधी नव्हे, तर दोन जेवणांच्या मध्ये घ्यावे, कारण आधी पाणी प्यायल्यास पोटातील जागा तेच अडवते. तोंड कोरडे पडणे ही या दिवसांत तहानेची खात्रीची खूण नाही. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेतला जातो आणि पाणी पुरेसे असूनही जीभ सुकते. लघवी मात्र बहुधा खरे सांगते: फिकट पिवळी, दिवसातून चार-सहा वेळा होत असेल तर पाणी पुरत आहे असे समजावे. ओआरएसविषयी बराच गैरसमज आहे. उलट्या-जुलाब झाले असतील किंवा आपल्यासारखी चक्कर येत असेल तर ते उपयोगी आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्याच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असते, म्हणजे जेमतेम ५० कॅलरी. ते औषध आहे, जेवण नव्हे.

दात बांधलेले असताना अन्न आत कसे जाते, याची अनेकांना भीती वाटते. दातांच्या फटींतून आणि शेवटच्या दाढेच्या मागे असलेल्या मोकळ्या जागेतून द्रव सहज आत जातो. लांब टोकाची ५० मिलिलिटरची सिरिंज घेऊन तिला बोटभर लांबीची मऊ रबरी नळी लावावी. ताठ बसावे, समोर आरसा ठेवावा, हनुवटी किंचित खाली ठेवावी. नळी गालाच्या आतल्या बाजूने हळूच सरकवत दाढेच्या मागे न्यावी, टाक्यांना तिचे टोक टेकू देऊ नये. दट्ट्या अगदी थोडा, दोन-तीन मिलिलिटर जाईल इतकाच दाबावा, थांबावे, गिळावे, नाकाने श्वास घ्यावा आणि मगच पुढचा घोट घ्यावा. हात चालत असेल तर सिरिंज रुग्णाच्याच हाती असावी, असा माझा आग्रह असतो. आपण कधी गिळणार हे आपल्यालाच कळते; शेजारी बसलेल्या माणसाने कितीही मायेने दट्ट्या दाबला तरी तो एखाद्या वेळी चुकीच्या क्षणी दाबला जातो आणि ठसका लागतो. एका जेवणाला सुरुवातीला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणूनच तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे बरी पडतात. स्ट्रॉ मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय वापरू नये, कारण ओढण्याने तोंडात निर्माण होणारा दाब रक्ताची गुठळी सुटण्यास कारण होऊ शकतो.

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असेल तर पदार्थ किती गरम आहे हे ओठाला कळत नाही आणि भाजते, म्हणून प्रत्येक पदार्थ मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा आणि कोमट असतानाच घ्यावा. वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाक चोंदलेले असते आणि गिळताना जीव घाबरतो. डॉक्टरांनी सांगितलेला मिठाच्या पाण्याचा फवारा जेवणाआधी मारावा, पाच मिनिटे थांबावे आणि मग सुरुवात करावी. नाक मात्र जोराने शिंकरू नये.

उलटी झाली तर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो आपल्या मनात असणारच. पोटात केवळ द्रव असल्यामुळे तो दातांच्या फटींतून आणि नाकातून बाहेर येतो. पुढे वाकावे, मान खाली घालावी, गाल बोटाने बाजूला ओढून धरावा आणि उलटी बाहेर वाहू द्यावी. पाठीवर झोपून राहू नये. तार कापण्याची पक्कड सदैव हाताशी असावी आणि कोणत्या तारा कापायच्या हे आपल्याला व घरातील एका माणसाला डॉक्टरांनी प्रत्यक्ष दाखवलेले असावे. दाखवलेले नसेल तर उद्याच्या भेटीत आवर्जून विचारावे. श्वास अडकत असेल तेव्हा तारा कापण्यास कचरू नये. मळमळ सुरू झाल्याबरोबर कळवले तर ती थांबवण्याचे औषध मिळते आणि इथवर वेळ येत नाही.

औषधे शक्यतो द्रवरूपात मागून घ्यावीत. गोळ्या कुटून पाण्यात कालवण्याची सवय धोक्याची आहे. ज्या गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, किंवा ज्यांच्यावर जठरात न विरघळणारे आवरण असते, त्या कुटल्याने त्यांचा परिणाम बिघडतो. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके दुधाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत, तेव्हा आपला आहार दुधावर आधारलेला आहे हे औषध देणाऱ्यांना सांगावे. आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक रिकाम्या पोटी घेऊ नये. कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारख्या औषधांनी शौचास खडा होतो. त्यात चोथ्याचा आणि पाण्याचा अभाव असला की त्रास वाढतो. ओट्सची अगदी बारीक पूड पेयात मिसळणे, पाणी वाढवणे आणि घरातल्या घरात चालणे यांनी बराच फरक पडतो. तीन दिवस शौचास झाले नाही तर औषध मागावे. पोट जड असलेल्या माणसाला जेवण नको होते.

प्रत्येक वेळी खाणे झाल्यावर अर्धा छोटा चमचा मीठ घातलेल्या पेलाभर कोमट पाण्याने सिरिंजच्या साहाय्याने तोंड हळुवार धुवावे आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने दातांच्या बाहेरील बाजू घासाव्यात. ही गोड, दुधाळ पेये तारांमध्ये साचून राहिली तर दात किडतात आणि जखमेत जंतू वाढतात. आंबट रस टाक्यांना झोंबत असेल तर काही दिवस सोडून द्यावा.

मधुमेह असेल तर वरील दिवस जसाच्या तसा उचलू नये. पेयांतील साखर रक्तात फार लवकर चढते आणि औषधाची मात्राही बदलावी लागते, शिवाय कमी खाल्ले गेले तर साखर एकदम उतरण्याचा धोकाही तितकाच असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने आणि हृदयविकार असणाऱ्यांनी पाणी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्या आठवड्यात गोडाचा वीट येतो. तेच केळे, तेच दूध, तोच वास. पेला समोर आला की रुग्ण मान फिरवतो आणि घरच्यांना वाटते की तो हट्ट करीत आहे. तो हट्ट नसतो. अशा वेळी खारट सूप वाढवावे, त्यात वेगवेगळ्या भाज्या आणि सौम्य मसाले घालावेत, इतरांच्या ताटातलीच भाजी किंवा रस्सा रश्श्यासह बारीक करून द्यावा आणि रुग्णाला सर्वांच्या पंगतीलाच बसवावे. चघळता येत नसले तरी आपण घरचेच जेवत आहोत, ही भावना माणसाला दोन घोट अधिक घ्यायला लावते.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, लघवीनंतर आणि त्याच काट्यावर पाहावे. रोज पाहून जीव टांगणीला लावू नये. हे माप नीट पाळूनही येत्या आठवड्यात ते आणखी उतरत राहिले तर आहारतज्ज्ञांना भेटावे. आपल्या बाबतीत ३ किलो म्हणजे मूळ वजनाच्या ५ टक्के आधीच गेले आहेत. यापुढे फारसे घालवायला वाव नाही.

हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. तारा कधी काढायच्या आणि चावणे कधी सुरू करायचे, हे केवळ आपले शल्यचिकित्सकच सांगतील. दुखत नाही म्हणून आपण होऊन चावून पाहू नये. तारा निघाल्या की सगळे पूर्ववत होईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तोंड पहिल्या दिवशी एक-दोन बोटेच उघडते, चावण्याचे स्नायू चार घासांत थकतात आणि ताटातले अर्धे अन्न तसेच राहते. माझ्या पाहण्यात अनेकांचे वजन नेमके याच आठवड्यात पुन्हा उतरते, कारण पेये बंद झालेली असतात आणि जेवण अजून पुरेसे सुरू झालेले नसते. म्हणून जिभेने चुरता येईल असे मऊ अन्न सुरू झाल्यावरही दुधाची दोन पेये पुढचे किमान दोन आठवडे चालू ठेवावीत आणि ताट पूर्ण संपू लागल्यावरच त्यांतील एकेक कमी करावे.